मिर्काऊचा स्वार आणि आइसलँडचें काळें मद्य

राष्ट्राचा इतिहास दरबारांत आणि रणांगणांत घडतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. थंडीच्या रात्रीं शेगडीभोवतीं सांगितलेली गोष्ट, सणाच्या दिवशीं घरांत येणारें पेय आणि त्या पेयाला लोकांनीं दिलेलें नांव, ह्यांतही राष्ट्राचें मन उमटत असतें. युरोपच्या वायव्येस, उत्तर अटलांटिक महासागरांत असलेल्या आइसलँड बेटावरील एका काळ्या बीअरची हकीकत ह्या दृष्टीनें मनोरंजक आहे, आणि तितकीच उद्बोधकही आहे.

ह्या बीअरचें नांव 'गारून'. रेक्याविक ह्या राजधानीच्या शहरांत १९१३ पासून चालत आलेल्या एका मोठ्या कारखान्यानें २०१० सालीं 'बोर्ग' नांवाची एक छोटी शाखा काढली. तेथें नवनव्या प्रकारची बीअर थोड्या थोड्या प्रमाणांत करून पाहावयाची, असा हेतु होता. गारून ही ह्या शाखेची निर्मिति. ती 'स्टाउट' जातीची आहे, आणि तिच्यांत अल्कोहोलचें प्रमाण शेंकडा साडेअकरा, म्हणजे साध्या बीअरच्या दुपटीहून अधिक आहे. तिचा रंग इतका गडद कीं पेला दिव्यापुढें धरला तरी पलीकडचें कांहीं दिसूं नये. नांव ऐकून वाटावें कीं ही कोणी प्राचीन राणी किंवा वीरांगना असेल. वास्तविक तें एका साध्या खेडवळ मुलीचें नांव आहे, आणि तेंही बिघडलेलें. तें बिघडविलें एका भुतानें.

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर एयाफ्योर्दुर नांवाची लांबच लांब खाडी जमिनींत शिरलेली आहे. तिच्या पश्चिमेस होर्गाऊ नदीचें खोरें आहे. ह्या खोऱ्यांतील मिर्काऊ ह्या गांवीं फार पूर्वीं चर्चचा एक सहायक धर्मसेवक राहत असे. तेथील भाषेंत मिर्काऊ ह्या शब्दाचा अर्थच मुळीं 'काळोखी नदी' असा आहे. नदीपलीकडे बाइगिसाऊ येथें पाद्र्याच्या घरीं गुद्रून नांवाची मुलगी कामाला होती. दोघांचें एकमेकांवर प्रेम होतें. नाताळ जवळ येतांच तो तरुण आपल्या फाक्सी नांवाच्या घोड्यावर बसून तिच्याकडे गेला. नाताळच्या आदल्या रात्रीं मी तुला न्यावयास येईन, तूं मिर्काऊला सणाला ये, असें सांगून तो परत निघाला.

त्याच दिवशीं अकस्मात् हवा ऊबदार झाली, बर्फ वितळूं लागलें आणि नदीला पूर आला. तरुणानें बर्फाचा एक पूल शोधून त्यावर घोडा घातला. मध्यावर पोंचतांच पूल फुटला आणि तो पाण्यांत पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका शेतकऱ्याला खोगीर घातलेला फाक्सी एकटाच दिसला. पुढें नदीकांठीं मृत देह सांपडला. बर्फाच्या लाटेनें डोक्याचा मागचा भाग खरवडून काढला होता, आणि कवटीचें पांढरें हाड उघडें पडलें होतें. नाताळच्या आधींच्या आठवड्यांत त्याला मिर्काऊच्या दफनभूमींत पुरलें. परंतु पूर ओसरला नव्हता. त्यामुळें ही वार्ता पैलतीरीं गेलीच नाहीं.

नाताळची आदली रात्र आली. पाणी उतरलें होतें, चंद्र ढगांतून ये-जा करीत होता. गुद्रून नटूनथटून वाट पाहत होती. दारावर थाप पडली. घरांतली दुसरी बाई पाहावयास गेली, तर तिला कोणीच दिसलें नाहीं. हा बोलावणा आपल्यासाठींच आहे असें समजून गुद्रूननें घाईघाईनें बाहेरचा झगा उचलला; एक हात बाहींत घातला, दुसरी बाही तशीच खांद्यावरून टाकून एका हातानें धरली, आणि ती बाहेर आली. स्वार घोड्यापाशीं उभा होता. त्यानें तिला उचलून मागें बसविलें. दोघें कांहीं न बोलतां चाललीं. नदीच्या कांठीं बर्फाच्या कड्यावरून घोड्यानें उतार घेतला, तशी स्वाराची टोपी मागून वर उचलली गेली. आणि चंद्रप्रकाशांत तिला उघडी कवटी दिसली. त्या वेळीं तो जें बोलला तें पद्यरूपानें आइसलँडमध्यें आजही मुलांना पाठ असतें. चंद्र सरकतो आहे, आपल्या मानेवरचा पांढरा डाग तुला दिसतो ना, असें कांहींसें तो विचारतो, आणि तिला हांक मारतो ती 'गुद्रून' अशी नव्हे, तर 'गारून' अशी.

ह्या हांकेंतच सर्व गोष्टीचें मर्म आहे. आइसलँडच्या भाषेंत 'गुद्' म्हणजे देव. गुद्रून ह्या नांवाचा आरंभच ईश्वरवाचक शब्दानें होतो, आणि भुताला तर देवाचें नांव उच्चारतां येत नाहीं. प्रेम तेंच, घोडा तोच, दिलेलें वचनही त्यानें पाळलेलें. परंतु तिचें नांव मात्र त्याच्या तोंडीं पुरतें येऊं शकत नाहीं. जिवंत आणि मृत ह्यांच्यामधली रेषा इतक्या थोडक्यांत, एका अक्षराच्या फरकानें, दाखविणारी लोककथा विरळाच.

मिर्काऊला पोंचल्यावर स्वार म्हणाला, मी घोडा बांधून येतों, तूं येथें थांब. समोर उघडी थडगी होती. गुद्रूननें प्रसंग ओळखला आणि दफनभूमीच्या दारावरील घंटेची दोरी घट्ट धरली. त्याच क्षणीं मागून तिला कोणीं तरी ओढलें. पण झग्याची एकच बाही तिच्या अंगांत होती. शिवण उसवली, झगा भुताच्या हातांत गेला आणि तें त्यासह खड्ड्यांत पडलें. दोन्ही बाजूंनीं माती ढासळली. घंटा ऐकून गांवचे लोक धांवत येईपर्यंत ती दोरी ओढीतच राहिली. पुढें कित्येक रात्रीं भूत तिला छळीत असे, आणि पाद्र्याला तिच्या उशाशीं बसून स्तोत्रें म्हणावीं लागत. शेवटीं शेजारच्या जिल्ह्यांतून एक मांत्रिक आणला, त्यानें एक मोठा धोंडा लोटून भुताला कायमचें गाडलें. गुद्रून बरी झाली. पण पूर्वींची राहिली नाहीं, असें कथा सांगते.

प्रियकर मरणोत्तर परत येऊन प्रेयसीला घोड्यावरून नेतो, ही कल्पना युरोपांत दूरवर पसरलेली आहे. जर्मन कवि ब्यूर्गर ह्याच्या १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लेनोर' ह्या काव्यानें ती सुशिक्षितांच्या ओळखीची केली. परंतु आइसलँडच्या कथेला नदीचा पूर, बर्फाचा पूल, न पोंचलेली बातमी हा सर्व तपशील त्या भूमीनेंच पुरविला. एकोणिसाव्या शतकांत योन आर्नासॉन ह्या ग्रंथपालानें देशभरांतून लोककथा जमा केल्या. ग्रिम बंधूंचें उदाहरण त्याच्यापुढें होतें, आणि कोनराड माउरर ह्या जर्मन पंडितानें त्याला उत्तेजन दिलें. १८६२ ते १८६४ ह्या काळांत हा संग्रह लाइप्झिग येथें दोन खंडांत छापला गेला, आणि मिर्काऊचा स्वार घराघरांत पोंचला. त्या वेळीं आइसलँड डेन्मार्कच्या राजसत्तेखालीं होतें. स्वतःचें राज्य नव्हतें, पण स्वतःची भाषा आणि स्वतःच्या कथा होत्या. आणि पुढील स्वातंत्र्याच्या चळवळीचा पाया ह्याच सामग्रीवर रचला गेला.

योगायोग असा कीं, ज्या खाडीच्या आसमंतांत ही कथा घडली, त्याच खाडीच्या टोकाशीं असलेल्या आकुरेरी ह्या गांवीं १८८४ सालीं आइसलँडमधील मद्यपाननिषेधक मंडळाची पहिली शाखा निघाली. दारूचें व्यसन त्या देशांत थट्टेचा विषय नव्हता. सहा सहा महिन्यांचा काळोखी हिवाळा, मासेमारीचें जोखमीचें जीवन आणि व्यापाऱ्यांच्या दुकानांत उधारीवर मिळणारी तीव्र दारू, ह्यांनीं संसार बुडत होते. म्हणून चळवळ झपाट्यानें फोफावली. १९०८ सालीं सार्वमत घेण्यांत आलें. शेंकडा सुमारें साठ मतें दारूबंदीच्या बाजूनें पडलीं. १९१२ च्या आरंभीं आयात बंद झाली, आणि १ जानेवारी १९१५ पासून विक्रीही बंद झाली.

ज्या लोकांच्या पूर्वजांनीं बीअरचे गोडवे गाइले त्यांनींच हा निर्णय घ्यावा, ह्यांत विरोध वाटेल. दहाव्या शतकांतील योद्धा-कवि एगिल स्काल्लाग्रिमसॉन ह्याच्या चरित्रगाथेंत एक प्रसंग आहे. मेजवानींत त्याच्यापुढें विष घातलेल्या बीअरनें भरलेलें शिंग येतें. तो त्यावर मंत्राक्षरें कोरून आपलें रक्त चोळतो, आणि शिंग फुटून बीअर खालीं सांडते. ह्याच एगिलचें नांव १९१३ सालीं तोमास तोमासॉन ह्यानें आपल्या नव्या कारखान्याला दिलें. बंदीची तारीख ठरलेली असतां निघालेला हा कारखाना टिकला कसा? त्यानें माल्टचें, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचें, काळसर, गोड आणि मादकतारहित पेय विकलें. पुढें नारिंगी स्वादाच्या पेयांत हें माल्ट मिसळून नाताळांत पिण्याची घरगुती चालच पडली. बीअर गेली, पण नाताळच्या पेल्यांतील काळा रंग गेला नाहीं.

संपूर्ण दारूबंदी फार काळ टिकली नाहीं, आणि तिला पहिलें खिंडार पाडलें तें मासळीनें. स्पेन हें आइसलँडच्या खारवलेल्या माशांचें मोठें गिऱ्हाईक. तुम्ही आमची द्राक्षदारू घेणार नसाल तर आम्ही तुमचे मासे कां घ्यावे, असा स्पेननें पेंच टाकला, आणि १९२२ सालीं स्पॅनिश द्राक्षदारू कायदेशीर झाली. १९३३ च्या सार्वमतांत बहुमत बंदीच्या विरुद्ध गेलें. १९३५ पासून व्हिस्की, ब्रँडी अशा जहाल दारू उघडपणें विकूं लागल्या. परंतु शेंकडा सव्वादोनहून अधिक अल्कोहोल असलेल्या बीअरवरील बंदी तशीच ठेवण्यांत आली!

जहाल दारू चालते आणि सौम्य बीअर चालत नाहीं, हें परक्याला चमत्कारिक वाटतें. त्यामागें एक विचारसरणी होती. बीअर स्वस्त, म्हणून मजूर व तरुण तिला लौकर भुलतील, आणि बीअरच्या वाटेनेंच ते पुढें जहाल दारूकडे वळतील, अशी निषेधवाद्यांची भीति होती. त्याशिवाय बीअर म्हणजे डेन्मार्कचें पेय, ही भावनाही राष्ट्राभिमानी मनांत होती. १९१८ सालीं सार्वभौमत्व आणि १७ जून १९४४ रोजीं प्रजासत्ताक मिळविणाऱ्या लोकांत ती सहज मावळणारी नव्हती.

पुढील चाळीस-पन्नास वर्षांत ह्या कायद्याला एकामागून एक अपवाद जडत गेले. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश फौजा बेटावर उतरल्या, तेव्हां त्यांच्यापुरती बीअर करण्यास मोकळीक मिळाली; देशी माणसाला मात्र ती वर्ज्यच. नंतर खलाशी आणि विमानांवरील नोकर ह्यांना परदेशांतून थोडी बीअर आणण्याची सवलत मिळाली. १९७९ सालीं एका उद्योगपतीनें विमानतळावर हीच सवलत साध्या प्रवाशाला कां नाहीं, असा प्रश्न करून आपली बीअर सोडण्यास नकार दिला. प्रकरण गाजलें, आणि लौकरच ती सवलत सर्व प्रवाशांना मिळाली. १९८० नंतरच्या दशकांत रेक्याविकच्या उपाहारगृहांनीं तर सौम्य बीअरमध्यें जहाल दारू मिसळून नकली बीअर विकण्यास आरंभ केला. १९८५ सालीं तीही बंद करावी लागली. कायदा ज्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवूं पाहत होता, त्यांची अशी एकाच पेल्यांत गांठ पडली.

अखेर १० मे १९८८ रोजीं आल्थिंग ह्या राष्ट्रसभेच्या वरिष्ठ गृहानें तेरा विरुद्ध आठ मतांनीं बीअरचें विधेयक संमत केलें. १ मार्च १९८९ रोजीं, म्हणजे विक्रीबंदीनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, बीअर कायदेशीर झाली. १ मार्च हा दिवस तेथें अद्यापि 'बीअरचा दिवस' म्हणून ओळखला जातो. विक्रीचें नियंत्रण मात्र राज्यानें आपल्या दुकानांकडे ठेवलें आणि कर जबर बसविला. निषेधवाद्यांची बाजू हरली, पण त्यांची काळजी अगदींच वाऱ्यावर सोडलेली नाहीं.

आरंभीं मिळाली ती बहुतेक सर्व फिकट पिवळ्या रंगाची, जगांत कोठेंही मिळते तशी बीअर. खरा पालट पुढें झाला. २००६ सालीं एयाफ्योर्दुरच्याच पश्चिम किनाऱ्यावर, आउर्स्कोग्ससांदुर ह्या चिमुकल्या वस्तींत, एका दांपत्यानें देशांतील पहिली छोटी बीअर-भट्टी काढली. पति दर्यावर्दी होता, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळें त्याला समुद्र सोडावा लागला होता. अशा रीतीनें भुताची कथा, निषेधाची चळवळ आणि नव्या बीअरचा उदय, ह्या तिन्ही गोष्टी एकाच खाडीच्या कांठीं आल्या. पुढच्याच वर्षीं दक्षिणेस एल्विसहोल्त येथें दुसरी भट्टी निघाली. तिच्या धुरकट चवीच्या स्टाउटचें नांव 'लाव्हा'. कारण तेथून हेक्ला हा ज्वालामुखी दिसतो, ज्याला ११०४ च्या उद्रेकानंतर मध्ययुगीन युरोप नरकाचें द्वार समजत असे. बोर्गनें आपल्या दुसऱ्या काळ्या बीअरला 'सुर्तुर' हें, जगाच्या अंतीं सर्व जाळून टाकणाऱ्या पौराणिक अग्निराक्षसाचें, नांव दिलें. अग्नि, काळोख आणि भुतें ह्यांचीं नांवें नेमकीं काळ्या बीअरलाच पडावीं, हें स्वाभाविक आहे.

वास्तविक स्टाउट ही आइसलँडची उपज नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें हमालांच्या आवडीची एक गडद बीअर निघाली. त्यांच्यावरूनच तिला 'पोर्टर' म्हणूं लागले. तिच्यांतल्या कडक प्रकाराला 'स्टाउट', म्हणजे दणकट, असें विशेषण लागलें, आणि पुढें विशेषणाचेंच नाम झालें. त्याहून कडक प्रकार लंडनहून बाल्टिक समुद्रामार्गें रशियाच्या दरबारीं जात असे. १८१७ सालीं डॅनियल व्हीलर ह्या इंग्रजानें माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचें पेटंट घेतलें. सातू भिजवावा, मोड आणावे, वाळवावा आणि मग ह्या पिंपांत जवळजवळ कोळशासारखा होईपर्यंत भाजावा. असा मूठभर माल्ट फिकट माल्टांत मिसळला तरी सर्व बीअर काळी होते. कॉफी आणि कोको ह्यांची चव येते ती ह्याच भाजण्यामुळें. बी भाजल्यावर होणारी क्रिया तीच. हॉप्स ह्या वेलीच्या फुलांनीं कडवटपणा येतो, आणि यीस्टच्या योगें साखरेचें अल्कोहोल बनतें. कडक स्टाउटला माल्ट अधिक लागतो, मुरावयास वेळही अधिक लागतो.

म्हणूनच अशी बीअर घटाघट पिण्याची नव्हे. जाणकार ती लहान पेल्यांत घेतात, फार थंड करीत नाहींत. कारण गारठ्यानें तिचा सुवास दबतो. प्रथम तपकिरी फेसाचा मऊपणा लागतो, मग भाजक्या धान्याचा कडूपणा, आणि शेवटीं घशांत उतरणारी ऊब. डिसेंबरमध्यें रेक्याविकला दिवस चार-साडेचार तासांचाच असतो. बाहेर वारा, आंत मित्रमंडळी, आणि एक पेला तासभर पुरवून घ्यावयाचा, हा तिचा आस्वाद घेण्याचा खरा प्रकार होय.

परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो. पूर्वजांनीं भीतीपोटीं, दुःखापोटीं सांगितलेली कथा बाटलीवरच्या चिठ्ठीवर यावी, हें योग्य कीं अयोग्य? व्यापाराला पुराणाचें वेड नसतें. त्याला खपणारें नांव हवें असतें. गारून हा शब्द परदेशी गिऱ्हाइकाला नुसता गूढ आणि गोड वाटेल. त्यामागें पुरांत बुडालेला एक तरुण आणि आयुष्यभर हादरून गेलेली एक मुलगी आहे, हें त्याला कळणार नाहीं. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. तरी दुसरी बाजूही विचारांत घेतली पाहिजे. हें नांव निवडणाऱ्यांनीं 'गुद्रून' असें सरळ नांव दिलें नाहीं; भुताच्या तोंडचें, देवाला वगळणारें नांव दिलें. कथा अंगांत मुरल्यावांचून ही निवड सुचत नाहीं. आणि नांवाचा अर्थ कोणी विचारला कीं कथा सांगावीच लागते. योन आर्नासॉननें जी कागदावर उतरविली, ती अशा रीतीनें पुन्हां बैठकींत, माणसांच्या तोंडीं आली. आणि लोककथेची मूळची जागा तर तीच.

बंदीच्या काळांतील कायद्यानें बीअरला सव्वादोन टक्क्यांची रेषा आंखून दिली होती; गारून त्या रेषेच्या पांचपटींहूनही पुढें आहे. हा केवळ विजयाचा आंकडा मानूं नये. निषेधवाद्यांनीं ज्या धोक्याकडे बोट दाखविलें तो धोका खोटा नव्हता. इतक्या कडक पेयांत तो अधिकच आहे. त्यांची चूक एवढीच कीं, घरांत दार लावून बसलें म्हणजे बाहेरचा स्वार येणार नाहीं, असें त्यांना वाटलें. मिर्काऊची कथा अधिक व्यवहारी आहे. तींत संकट अनोळखी रूपानें येत नाहीं. तें ओळखीच्या घोड्यावर बसून, सणाच्या रात्रीं, वचनाप्रमाणें येतें. गुद्रून त्याच्याबरोबर गेलीही. ती वांचली ती दोन कारणांनीं: झग्याचा एक हात मोकळा होता, आणि वेळेवर तिनें घंटेची दोरी धरली. बंदी उठून गेल्यावर आइसलँडच्या लोकांनीं आपल्या एका काळ्या, कडक बीअरला तिचें नांव दिलें. पेला हातीं घेणाऱ्यानें त्या मोकळ्या हाताची आठवण ठेवली, तर त्या नांवाचा मान राहील.